बुडालेले आणि तरलेले

पुण्याहून लोणावळ्यास जाणारी रात्रीची लोकल देहूरोडच्या स्थानकावरून निघून गेली, की तेथील वस्तीवर हळूहळू शांतता पसरू लागते. घोरावडेश्वराचा डोंगर काळोखात मुकाट उभा असतो; महामार्गावरील एखाद्या मालमोटारीची घरघर तेवढी दुरून ऐकू येते. वैशाखातील अशाच एका रात्री तेथील एका लहानशा घरात एक तरुण संगणकासमोर बसला होता. घरातील बाकीची माणसे निजली होती. जागे होते ते दोघेच. तो आणि उकाड्यामुळे झोप न आलेले त्याचे आजोबा.

तरुण यंत्रांचे आराखडे काढणारा आरेखक होता. मावळ हा भाताचा प्रदेश. इंद्रायणी नदीचे नाव धारण करणारा सुवासिक तांदूळ याच मावळात, वडगावच्या संशोधन केंद्रात निपजला. परंतु त्या भाताची लावणी करताना बायामाणसांना दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून राहावे लागते. ते कष्ट थोडे हलके व्हावेत म्हणून हाताने ओढता येईल असे रोपे लावण्याचे एक छोटे यंत्र त्याने योजले होते. त्यासाठी दोन महिने तो रात्री जागत होता. दोन दिवसांनी आराखडा कारखान्यात द्यायचा होता. तो वेळेवर गेला, तरच आषाढातील लावणीपूर्वी यंत्र शेतावर पोहोचणार होते. एक आठवडा चुकला, की एक वर्ष चुकले!

काम संपत आले होते. रोप पकडणाऱ्या चिमट्याची शेवटची रेघ ओढून त्याने सारे जतन करण्याची आज्ञा दिली, आणि त्याच क्षणी पडदा गोठला. काही क्षण तो पांढराफटक दिसला आणि मग दिसेनासा झाला. संगणक पुन्हा सुरू केला, तेव्हा एकच कोरडे वाक्य उमटले : ही फाईल वाचता येत नाही.

दोन महिन्यांचे काम एका निमिषात नाहीसे झाले! तरुणाच्या कपाळावर घाम आला. काही तरी करावे म्हणून त्याने घाईघाईने त्याच नावाची नवी फाईल करावयास हात पुढे केला.

“थांब,” आजोबा म्हणाले, “आधी कशालाही हात लावू नकोस.”

आजोबांना संगणकातले काही कळत नव्हते. त्यांची सारी नोकरी देहूरोडच्या लष्करी भांडारात नोंदी ठेवण्यात गेली होती. ते म्हणाले, “आमच्या भांडारात एखादी वस्तू जागेवर सापडली नाही, तर आम्ही ती हरवली असे लगेच म्हणत नसू. तिची नोंद खोक्यावरच्या कार्डात असे, तशीच खातेवहीतही असे. अरे, तुझ्या या यंत्रात दुसरी खातेवही नाही का?”

त्या साध्या प्रश्नाने तरुण भानावर आला. खातेवही होती! संगणकाला दोन प्रकारच्या स्मृती असतात. एक पाटीसारखी; वीज गेली की कोरी होणारी. दुसरी वहीसारखी, वीज गेली तरी टिकणारी. माणूस पाटीवर काम करतो आणि अधूनमधून ते वहीत उतरवतो. पण माणूस विसराळू आहे, हे यंत्र घडविणाऱ्यांनाही ठाऊक असते. म्हणून आराखड्याचे पुष्कळसे कार्यक्रम ठरावीक वेळाने आपण होऊनच एक तात्पुरती नक्कल वेगळ्या कोपऱ्यात ठेवतात, आणि मागच्या खेपेस जतन केलेली प्रतही जवळ बाळगतात. तरुणाने घाईने त्याच नावावर नवे काही लिहिले असते, तर त्या मागच्या प्रतीवरही पाणी पडले असते. हरवलेली वस्तू पुष्कळदा हरवल्यामुळे जात नाही. ती शोधणाऱ्याच्या उतावळेपणामुळे जाते.

रात्री दोनच्या सुमारास तात्पुरत्या फाईलींच्या ढिगात ती नक्कल सापडली. तिचे नाव बदलून तिला आराखड्याचे रूप दिले, आणि पडद्यावर पुन्हा चाके, दांडे, रोपांचा तबक असे सारे उभे राहिले. केवळ शेवटच्या काही मिनिटांत पुरा झालेला चिमटा तेवढा त्यात अर्धवट होता. तरुणाने समाधानाचा श्वास सोडला. पण आज जे वाचले ते आपल्या दक्षतेमुळे वाचले नाही, ही टोचणी त्याच्या मनाला लागून राहिली.

पहाटे आजोबा त्याला घेऊन देहूस गेले. देहूरोडपासून देहूगाव काही फार दूर नाही. इंद्रायणीच्या काठी उभे राहून त्यांनी नातवाला बोटाने नदी दाखविली. “कागद बुडण्याची गोष्ट या पाण्याला नवी नाही,” ते म्हणाले.

ती गोष्ट महाराष्ट्रात कोणास ठाऊक नाही? परंपरा सांगते, की वाघोलीच्या रामेश्वर भटांच्या सांगण्यावरून तुकोबांना आपल्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत सोडाव्या लागल्या. तुकोबा तेरा दिवस अन्नपाणी सोडून काठावर बसून राहिले, आणि वह्या तरून वर आल्या. पुढे रामेश्वर भटही त्यांचे शिष्य झाले. भाविक याला देवाची कृपा मानतात. काही अभ्यासक म्हणतात, की अभंग तोवर कीर्तनांतून लोकांच्या मुखी बसले होते. नदीने कागद नेले तरी कंठ तिला नेता आले नाहीत. दोन्ही बोलण्यांत एक गोष्ट समान आहे. ते अभंग केवळ एका माणसाच्या पेटीत उरले नव्हते. ते अनेकांचे झाले होते.

त्या अनेकांपैकी एक चाकणचे संताजी जगनाडे. त्यांनी स्वहस्ते अभंग उतरून घेतले. त्यांच्या वह्यांवरून विसाव्या शतकात वि. ल. भावे यांनी गाथेचे एक संपादन प्रसिद्ध केले. त्याआधी १८६९ साली मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून गाथेची जी आवृत्ती निघू लागली, तिच्यासाठी देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर अशा ठिकाणची हस्तलिखिते एकमेकांशी ताडून पाहिली होती. एका प्रतीत जे पुसट होते ते दुसरीत स्पष्ट सापडे. अशा रीतीने साडेचार हजारांच्या आसपास अभंग आपल्यापर्यंत पोहोचले. आता देहूच्या गाथा मंदिराच्या भिंतींवर ते दगडात कोरलेले आहेत.

आजोबा क्षणभर थांबले आणि म्हणाले, “याच नदीत तुकोबांनी त्यापूर्वीही कागद बुडविले होते, असे सांगतात. लोकांनी घेतलेल्या कर्जाची खतपत्रे होती ती. निम्मी त्यांनी भाऊ कान्होबांना दिली आणि आपल्या वाट्याची पाण्यात सोडली. ती मात्र कोणी शोधली नाहीत, आणि ती वरही आली नाहीत.” तरुण नदीकडे पाहतच राहिला. एकच नदी, एकच माणूस. पण स्वतःपुरते होते ते तळाशी गेले, आणि सर्वांसाठी होते ते तरले.

असा अनुभव दूरदेशीही आला आहे. १९९८ साली अमेरिकेतील पिक्सार या चित्रसंस्थेत ‘टॉय स्टोरी २’ हा चित्रपट संगणकावर तयार होत असताना, चुकून दिलेल्या एका आज्ञेने त्याचा बहुतेक साठा पुसला गेला. सुरक्षिततेसाठी ठेवलेली नक्कलही सदोष निघाली. तेथील गॅलिन ससमन या बाईंना नुकतेच मूल झाले होते. घरून काम करता यावे म्हणून त्यांनी एक प्रत घरच्या संगणकावर ठेवली होती. तो संगणक पांघरुणांत गुंडाळून, तान्ह्या बाळासारखा जपत गाडीतून आणला गेला आणि चित्रपट वाचला. गंमत अशी, की पुढे कथा मनासारखी वाटली नाही म्हणून त्या मंडळींनी तिचा मोठा भाग पुन्हा नव्याने रचला! वाचविलेले काम पुन्हा करण्याचीही हिंमत त्यांच्यात होती.

घरी येताच तरुणाने तो अर्धवट चिमटा पुन्हा काढावयास घेतला. आदल्या रात्रीची रेघ आठवताना तिच्यातील एक दोष त्याच्या ध्यानात आला : चिमट्याची पकड इतकी घट्ट होती, की कोवळ्या रोपाचा देठ चेंगरला असता. त्याने ती सैल केली. संध्याकाळपर्यंत आराखडा पुरा झाला, आणि तो पहिल्याहून चांगला होता.

मग त्याने त्याच्या तीन प्रती केल्या. एक आपल्या संगणकात ठेवली, एक दिवसाआधीच कारखान्यात पोहोचविली. तिसरी एका बोटाएवढ्या साधनात भरून आजोबांच्या हाती दिली. आजोबांनी ती आपल्या जुन्या पत्र्याच्या पेटीत, पेन्शनच्या कागदांशेजारी ठेवली. आणि जुन्या सवयीने एका वहीत तारीख घालून तिची नोंद केली.