उचल किती घेतली?

मंडळी, येत्या सप्टेंबरात मी आणि बायको जहाजानं युरोप फिरायचं म्हणतोय. पहिलीच परदेशवारी. आईला सांगितलं तेव्हा ती शेंगा फोडत बसली होती. वर न बघताच तिनं विचारलं, "उचल किती घेतली?"

मी हसलो. पण तिचं काय चुकलं? धारूरच्या डोंगरपट्ट्यातल्या आमच्या गावात बोचकं बांधून घर सोडायचं कारण एकच. दसरा झाला की मुकादमाची उचल, मग ट्रक, मग कारखाना. आई-अण्णांनी बावीस हंगाम ऊस तोडला. मी आजीपाशी मागं राहिलो म्हणून शिकलो, जिल्हा परिषदेत मास्तर झालो, परवा रिटायर झालो.

"उचल नाही आई, आपणच पैसे भरायचेत."

"आन् काम?"

"काहीच नाही. आठ दिवस नुसतं फिरायचं."

"मंग जायचं कामून?" तिनं शेंगांचं सूप बाजूला सरकवलं.

तर तयारी सुरू झाली. कुणाला उपयोग होईल म्हणून सांगतो. जहाज बार्सिलोनाहून सुटून फ्रान्स, इटली करत परत तिथंच येणार. त्यासाठी शेंगेन व्हिसा लागतो. ज्या देशात जास्त दिवस मुक्काम त्याच्याकडं अर्ज करायचा, आणि दिवस सारखे असतील तर जिथं पहिलं पाऊल टाकणार त्याच्याकडं. फी ९० युरो. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा पाहिजे. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, पण सुटीच्या दिवसांत गर्दी असते, म्हणून उशीर करू नका. आणि जहाज मधेच तुर्कस्तान किंवा ट्युनिशियासारख्या शेंगेनबाहेरच्या देशात थांबणार असेल, तर एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणाराच व्हिसा घ्या. नाहीतर परत येताना दार बंद. 'रोम' असं लिहिलं असलं तरी जहाज चिविताव्हेक्कियाला लागतं. तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर आहे, रेल्वेनं जावं लागतं. हे कागदावर बारीक अक्षरात असतं.

अडलो ते टिपेवर. तिकिटाशिवाय माणशी रोजची टिप वेगळी लावतात. एजंट म्हणाला, "सर, जहाजावर काउंटरला सांगून ती काढून घेता येते. बरेच जण काढतात."

माझा एक जुना विद्यार्थी अशाच जहाजावर खोल्या साफ करतो. त्याला फोन लावला. म्हणाला, "सर, आठ महिन्यांचा करार आसतो. रोज दहा-अकरा तास. आठवड्याची सुट्टी नसती. टिप काढू नका, त्याच्यातच आमचं भागतं." मी विचारलं, मग आपल्या ऊसतोडीत आन् त्याच्यात फरक काय? जरा थांबून म्हणाला, "सर, माझ्याकडं कागद हाय."

त्या कागदामागं काय आहे ते मी शोधलं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २००६ साली जिनिव्हात सागरी कामगार करार केला. २०१३ पासून तो लागू झाला, भारतानं २०१५ मध्ये मान्य केला. त्यात लेखी करार सक्तीचा आहे. चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळालीच पाहिजे. नोकरी लावून दिली म्हणून कामगाराकडून दलाली घेता येत नाही. करार संपला की घरी पोचवायचा खर्च मालकाचा. सगळं काटेकोर पाळलं जातं असं मी म्हणत नाही, पण मोडलं तर दाखवायला कागद आहे.

आता आपला कोयता बघा. नवरा-बायको मिळून एक कोयता. कारखान्याचा करार मुकादमाशी किंवा वाहतूकदाराशी, तोडणाऱ्याशी नाही. पहाटे फडात आणि रात्री गाडी भरायला, तास कुणी मोजत नाही. एक दिवस आजारी पडलं तर खाडा, त्याचा दंड उचलीत धरतात. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाला, चांगलंच झालं. महामंडळ झालं, ओळखपत्रं निघाली, तेही चांगलं. पण विश्रांतीचे तास आणि तोडणाऱ्याच्या हातात लेखी करार अजून नाही.

एप्रिल २०२० आठवा. लॉकडाऊनमध्ये आपली माणसं कारखान्यांवर कोप्यांत अडकली होती. त्याच महिन्यात मुंबईच्या समुद्रात एका क्रूझवर भारतीय खलाशी अडकले होते, सुमारे दीडशे. दोघांनाही घर दिसत होतं पण जाता येत नव्हतं. शेवटी दोघंही आले. पण कामावर नेलेल्या माणसाला घरी पोचवायची जबाबदारी त्यांच्या बाबतीत करारात लिहिलेली होती. आपल्या माणसांना सरकारच्या आदेशाची वाट बघावी लागली.

टिप मी काढणार नाही. ती तिकिटातच धरली आणि त्यासाठी खिडकीची खोली सोडून आतली, बिनखिडकीची घेतली. बायको म्हणाली, "बरंय. झोपायलाच तर जायचंय तितं."

माझं मागणं एवढंच, की पुढच्या हंगामाचे ट्रक भरायच्या आत आपल्या आमदार-खासदारांना एकच प्रश्न विचारा: समुद्रावरच्या कामगाराला जो कागद मिळतो, तो फडातल्या कामगाराला कधी मिळणार? दरवाढीच्या बैठकीत हा विषय निघू द्या. ज्यांच्या घरचं कुणी जहाजावर आहे त्यांनी त्यांच्या कराराबद्दल खाली जरूर लिहा, मुकादमांनीही आपली बाजू लिहावी.

आईला सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या पोराला रोज दहा तास झोपू देत्यात?"

"झोपू म्हणजे आराम, आई. लिहिलंय तसं."

"बावीस वर्सांत मला एका रात्री बी नाही घावले," ती म्हणाली आणि परत शेंगा फोडायला लागली.