गुठळी

फुरसं चावलेला रुग्ण आला की आमच्याकडे शिकाऊ सिस्टरसुद्धा आधी काचेची कोरडी परीक्षानळी शोधते. दोन मिली रक्त नळीत घ्यायचं, वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही, मग ती तिरकी करायची. गुठळी झाली असेल तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं, तर विष भिनलंय. कोकणातल्या सरकारी रुग्णालयात भूलतज्ज्ञ म्हणून लागले, तेव्हा पहिल्याच पावसाळ्यात मी हे शिकले. तीच नळी अपघातातल्या माणसाच्या उशाशीही ठेवावी, हे सुचायला मात्र एक मुलगा जावा लागला.

बावीस-तेवीस वर्षांचा होता. टेम्पो उलटून खाली सापडलेला. प्लीहा फाटली होती, कमरेचं हाड मोडलं होतं. बीपी लागेना म्हणून आम्ही दोन्ही हातांतून सलाईन सोडलं, बाटलीमागून बाटली. मग लाल पेशींच्या सहा पिशव्या, फ्रिजमधून आल्या तशाच गार. सर्जननी प्लीहा काढली, दिसतील त्या रक्तवाहिन्या बांधल्या. तरी पोटात रक्त साचतच होतं.

"मॅडम, वाहती नस एकही दिसत नाही. पण सगळीकडून झिरपतंय. टाका घातला की सुईच्या भोकातूनही येतंय."

मी सलाईनच्या सुईपाशी पाहिलं, तिथली पट्टीही लाल झाली होती. कपाळाला हात लावला तर गार लागलं. पहाटे तो गेला. बाहेर त्याचे मामा उभे होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "अजून दहा पोरं आणलीत गावातनं. त्यांचं घ्या ना."

रक्त कमी पडलं नव्हतं. ते गोठत नव्हतं, आणि त्यात आमचाही वाटा होता. मोठ्या जखमेत शरीर गोठवणारी प्रथिनं भराभर खर्च करतं. पुष्कळ जणांत त्याच वेळी झालेल्या गुठळ्या विरघळायलाही लागतात. उरलेली प्रथिनं आम्ही सलाईनने पातळ केली. लाल पेशींच्या पिशवीत गोठवणारा प्लाझ्मा जवळजवळ नसतोच. उलट तिच्यातलं सायट्रेट रुग्णाच्या रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, आणि कॅल्शियमशिवाय गुठळी होत नाही. अंग गार पडलं आणि रक्तात आम्ल वाढलं की उरलंसुरलं कामही मंदावतं. प्रत्येक गोष्ट मी पुस्तकात वाचली होती. त्या रात्री त्या सगळ्या एकाच माणसात पाहिल्या.

२०१० साली चाळीस देशांतल्या वीस हजारांहून अधिक जखमींवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. औषध जुनंच, पाळीत फार रक्त जाणाऱ्या बायकांना देतात ते ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने ते १९६२ मध्ये जगापुढे आणलं होतं. ते झालेली गुठळी विरघळू देत नाही. अपघातानंतर तीन तासांच्या आत दिलं तर जीव वाचतात. त्यानंतर दिलं तर अपायही होऊ शकतो. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न बदलला. बीपी किती हे मी नंतर विचारते, अपघात किती वाजता झाला ते आधी.

काही वर्षांनी १०८ च्या गाडीतून एक बाई आली. स्कूटरला डंपरने उडवलं होतं, सव्वा तास झाला होता. दहा मिनिटांत एक ग्रॅम औषध दिलं, पुढचा ग्रॅम आठ तासांसाठी लावला. पोट उघडायच्या आधीच रक्तपेढीला फोन केला, कारण गोठवलेला प्लाझ्मा सदतीस अंशांच्या पाण्यात वितळायला अर्धा तास जातो आणि तो अर्धा तास नंतर कुठून आणणार? जितक्या पिशव्या लाल पेशी, तितकाच प्लाझ्मा आणि प्लेटलेट. मधे मधे कॅल्शियम. ओटीचा एसी बंद करायला लावला. सर्जन घामाने निथळत होते, पण एका शब्दाने कुरकुरले नाहीत. यकृताभोवती मॉप दाबून बसवले, पोट तात्पुरतं झाकलं आणि तिला आयसीयूत हलवलं. बाकीचं ऑपरेशन दोन दिवसांनी.

सुरुवातीला घेतलेल्या नळीतलं रक्त वीस मिनिटांनी वाहिलं होतं. मध्यरात्रीनंतर पुन्हा घेतलं. नळी तिरकी केली, मग पूर्ण उलटी केली. गुठळी जागची हलली नाही.

नवरा बाहेर बाकावर होता. "किती बाटल्या लागल्या?" म्हणाला. मी त्याला वेगवेगळ्या पिशव्या समजावून सांगितल्या, त्या मामांना सांगायच्या राहिल्या होत्या तशा. सकाळी त्याने स्वतः रक्त दिलं. रक्तपेढीने त्याचे तीन भाग केले. प्लेटलेट पाच दिवसच टिकतात, त्या कुणाला तरी लागल्या असतील. प्लाझ्मा उणे तीस अंशांत वर्षभर ठेवता येतो.