तेराशे वर्षांचं नवं देऊळ

बालमित्रांनो, जुनं देऊळ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? काळा दगड, झिजलेल्या पायऱ्या, तेलकट गाभारा. बरोबर ना? माझ्याही मनात तेच चित्र होतं. म्हणून काही वर्षांपूर्वी जपानमधल्या इसे गावी गेलो, तेव्हा मी चक्रावलोच. शिंतो धर्मातलं हे अतिप्राचीन देवस्थान, आणि लाकूड मात्र नवंकोरं!

इथे सूर्यदेवी अमातेरासूची पूजा होते. मुख्य देवळाभोवती लाकडी कुंपणं आहेत. आपण बाहेरूनच नमस्कार करायचा. शेजारी तेवढीच मोकळी जागा दिसते. तिथे नुसते गोटे पसरलेले आणि मधोमध एक इवलंसं छप्पर. मला वाटलं, इथलं देऊळ पडलं की काय! पण गंमत वेगळीच आहे. दर २० वर्षांनी या रिकाम्या जागेवर हुबेहूब तसंच देऊळ बांधतात, देवीला तिथे नेतात आणि जुनं उतरवतात. ही प्रथा इ. स. ६९० मध्ये जितो सम्राज्ञीच्या काळात सुरू झाली. २०१३ साली ६२वी खेप झाली.

हिनोकी नावाच्या झाडाचं लाकूड आणि गवताचं छप्पर, ही काही कायमची टिकणारी वस्तू नव्हे. पण मग २० वर्षंच का? मला वाटतं, खरं उत्तर माणसांत आहे. विशीतला सुतार हाताखाली शिकतो, चाळिशीत स्वतः बांधतो, साठीत दुसऱ्याला शिकवतो. इमारत जुनी होत नाही, आणि विद्या मरत नाही!

जुनं लाकूडही वाया जात नाही. मुख्य देवळाचे मोठे खांब उजी पुलाच्या कमानींना लागतात. तिथे २० वर्षं उभे राहिले की पुढे सेकी आणि कुवाना इथल्या कमानींसाठी जातात. लाकडासाठी १९२३ पासून तर २०० वर्षांचा आराखडा आखून जंगल वाढवलं जातंय. ज्यांनी पहिली रोपं लावली, त्यांना ती खांबाएवढी झालेली दिसणार नव्हती. तरी त्यांनी लावलीच.

हे सगळं सुरळीत चाललं असं मात्र नाही हं! १४६२ नंतर लढायांच्या धामधुमीत अमातेरासूचं देऊळ १२० हून अधिक वर्षं नव्यानं बांधलंच गेलं नाही. तेव्हा पुढे आल्या बौद्ध भिक्षुणी. धर्म वेगळा, तरी त्यांनी फिरून वर्गणी जमवली आणि १५८५ मध्ये देऊळ पुन्हा उभं राहिलं. महायुद्धातल्या पराभवामुळे १९४९ ची खेपही १९५३ पर्यंत लांबली.

पुढची खेप २०३३ साली आहे. तिचे विधी २०२५ मध्येच सुरू झाले. तेव्हा तुमचं वय किती असेल, मोजा बरं! आणि हो, तुमच्या घरात आजीआजोबांच्या हातात एखादी कला असेलच. ती त्यांच्या हातून तुमच्या हातात कधी येणार, तेही आजच ठरवा.