आंग धुवाले

वऱ्हाडात आंघोळीला ‘आंग धुणं’ म्हणतात. शब्दातच कामाचा सूर आहे. भांडी धुवायची, कपडे धुवायचे, तसं आंगही धुवायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. “आंग धुतलं का वं?” या प्रश्नाला हो किंवा नाही एवढंच उत्तर अपेक्षित असतं. बरं वाटलं का, असं त्यापुढे कोणी विचारत नाही. त्यामुळे तिवस्यातल्या आमच्या बचत गटासमोर ‘मन शांत होण्यासाठीची आंघोळ’ हा विषय निघाला तेव्हा आधी सगळ्या जणी हसल्या.

आमचा गट अकरा बायकांचा. मी त्यात हिशेब लिहिते. दर दिवाळीला आम्ही उटणं करून विकतो. नागरमोथा, वाळा, कचोरा, आंबेहळद, गुलाबाच्या पाकळ्या आणि भरपूर संत्र्याची साल. ही साल आमच्या भागाची खासियत. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याची साल सैल असते आणि हातानं सहज निघते, हे इथल्या पोरासोरांना कधीचं माहीत आहे. मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतात, आणि साली कडकडीत वाळवायला लगेच वऱ्हाडचं ऊन हजर असतं. चार दिवसांत साल पापडासारखी मोडते. मिक्सरमधून काढून, वस्त्रगाळ करून डब्यात भरली की दिवाळीपर्यंत वास टिकतो.

विक्रीची जागाही ठरलेली आहे. तिवस्याहून अमरावतीकडे जाताना वाटेत मोझरी लागते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज आश्रम तिथे आहे. महाराजांचं निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ रोजी झालं, तिथीनं आश्विन वद्य पंचमीला. पुण्यतिथीचा महोत्सव असा नरक चतुर्दशीच्या आठ-नऊ दिवस आधी येतो. त्या गर्दीत उटण्याची वीस रुपयांची पुडी बरी खपते. बरी म्हणजे सामानाचा खर्च निघतो आणि प्रत्येकीच्या हाती एखाद्या साडीपुरते पैसे येतात.

पुण्यात नोकरी करणाऱ्या, गटातल्याच एकीच्या मुलीनं दोन वर्षांपूर्वी सुट्टीत घरी येताना एक गोळा आणला. लाडवापेक्षा मोठा, फिका जांभळा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. “काकू, याला बाथ बॉम्ब म्हणतात. एकाचे दोनशे रुपये,” ती म्हणाली. गोळा हातोहात फिरला. मोती साबणाच्या गोल वडीशी त्याची तुलना झाली. घरात तांब्याचा बंब अजून जपून ठेवणाऱ्या मावशीनं विचारलं, “बंब तं पानी तापोते. हे काय करते?”

प्रश्न योग्य होता, म्हणून त्याचं उत्तर शोधलं. हा गोळा १९८९ साली इंग्लंडमध्ये मो कॉन्स्टन्टाइन या बाईंनी आपल्या घरामागच्या शेडमध्ये तयार केला. पुढे ‘लश’ ही कंपनी काढणाऱ्यांपैकी त्या एक. पोटदुखीवर पाण्यात टाकून घ्यायची फसफसणारी गोळी पाहून त्यांना ही कल्पना सुचली. आपल्याकडे त्याच जातीचं औषध म्हणजे इनो. पुडीवर ‘स्वर्जिक्षार’ आणि ‘निंबुकाम्लम्’ अशी भारदस्त नावं असतात. पहिला म्हणजे खायचा सोडा, दुसरं म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, किराणा दुकानातलं निंबूसत्व. दोन्ही कोरडे असताना शेजारी शेजारी गुमान बसून राहतात. पाणी लागलं की दोघं विरघळतात, एकमेकांना भिडतात आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटतात. मागे उरतं ते सौम्य क्षार मिसळलेलं सुवासिक पाणी. मावशीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, “म्हंजे पोट फुगल्यावर घेते थेच आंगावर घ्याचं. मंग दोनशे रुपये काहाचे?”

दोनशे रुपये कशाचे, हे माहीत नसलं तरी ते मिळणार असतील तर नको कोणाला? आम्ही करून पाहायचं ठरवलं. घरी करायचं असेल तर प्रमाण सोपं आहे. दोन वाट्या खायचा सोडा, एक वाटी सायट्रिक अ‍ॅसिड, एक वाटी मक्याचं पांढरं पीठ, दोन चमचे संत्र्याच्या सालीची पूड आणि दोन-तीन चमचे खोबरेल तेल. सायट्रिक अ‍ॅसिड सोडून बाकी सगळं आधी चाळून, तेल चोळून घ्यायचं. करंजीच्या पिठाला मोहन घालतो तसं. अ‍ॅसिड शेवटी. मग बोटांनी पाण्याचे अगदी थोडे शिंतोडे. मुठीत दाबलं की मुटका होतो आणि सोडलं की मोडत नाही, इतपतच ओल हवी. जास्त पाणी पडलं तर मिश्रण वाटीतच फुगायला लागतं. मोदकाच्या साच्यात किंवा दोन छोट्या वाट्यांत दाबून भरायचं, अलगद काढायचं, आणि एक दिवस कोरड्या जागी वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचं. दमट हवा या गोळ्याची वैरीण. मुंबई-कोकणात पावसाळ्यात तो बसल्या जागी सुरू होतो. कार्तिकातली वऱ्हाडाची हवा मात्र त्याला मानवते. रंग घालायची गरज नाही. हळद तर नकोच, तिचे डाग फरशीवर बसतात. आणि तेल दोन-तीन चमच्यांच्या वर गेलं तर न्हाणीत पाय घसरतो.

पहिल्याच दिवशी चाळीस गोळे झाले. वास छान होता. हिशेबही छान दिसत होता. अडचण हातांची आली.

दिवाळी म्हणजे कापूस वेचणीचे दिवस. बोंड वाळून फुटलं की त्याच्या पाकळ्यांची टोकं काट्यासारखी कडक होतात. दिवसभर त्यातून कापूस ओढून काढला की नखांभोवतीची कातडी फाटते, बोटांच्या पेरांवर बारीक चिरा पडतात. मजुरी किलोवर, तेव्हा हात जपून चालत नाही. गटातल्या सहा जणी वेचणीला जाणाऱ्या. अ‍ॅसिडची पूड त्या चिरांत गेल्यावर काय होतं हे सांगायला नको. कोणी तक्रार केली नाही. मावशीनं फक्त हात पदरात गुंडाळून घेतला आणि डाव्या हातानं काम सुरू ठेवलं. मी ते पाहिलं आणि त्या क्षणी ते दोनशे रुपये कशाचे, याचा थोडा अंदाज आला. ज्या शरीराला खरोखर विसावा हवा होता ते गोळे वळत होतं, आणि गोळे जाणार होते दुसरीकडे.

रबरी हातमोजे आणले, काम पुढे गेलं. पण बोलणं तिथून सुरू झालं, ते बरेच दिवस चाललं.

पहिलं बोलणं पाण्याचं. हा गोळा टबासाठी आहे. साध्या घरगुती टबात दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनचं गावांसाठीचं उद्दिष्ट आहे माणशी रोज ५५ लिटर. त्यात पिणं, स्वयंपाक, धुणीभांडी, सगळं आलं. म्हणजे टबातली एक आंघोळ म्हणजे तीन माणसांचा अख्खा दिवस. आमच्याकडे बादली असते, पंधरा-वीस लिटरची. तिच्यात लिंबाएवढा गोळा पुरतो, फसफसही दिसते, पण ती फसफस दोन मिनिटांची करमणूक आहे. थकवा त्यानं जात नाही.

थकवा जातो तो गरम पाण्यानं. याचा अभ्यासही झालेला आहे. टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी आधीचे अनेक अभ्यास एकत्र तपासून २०१९ मध्ये निष्कर्ष मांडला, की झोपण्याच्या एक-दोन तास आधी ४० ते ४२ अंशांच्या आसपासच्या पाण्यानं आंघोळ केली तर झोप लवकर लागते. गरम पाण्यानं हातापायांच्या त्वचेकडचा रक्तपुरवठा वाढतो, शरीरातली उष्णता बाहेर पडते आणि आतलं तापमान उतरतं. ते उतरणं हाच झोपेचा इशारा. यासाठी टबच हवा असंही नाही. अंगावर घेतलेलं पाणी चालतं, आणि दहा मिनिटं पुरतात.

हे मी गटात वाचून दाखवलं. झोपायच्या एक-दोन तास आधी, हे ऐकून एकमेकींकडे पाहणं झालं. त्या वेळी चुलीवर किंवा गॅसवर भाकरी असते. शेतातून आलेली बाई हातपाय धुते आणि तव्याकडे वळते. सकाळी ती सगळ्यांच्या आधी, अंधारात, कढत पाण्याची वाट न पाहता दोन तांबे ओतून मोकळी होते. पऱ्हाटीचं जळण पेटवून पाणी तापवायचं ते घरातल्या इतरांसाठी. दहा मिनिटं दार लावून बसली तर बाहेरून हाक येतेच.

मग एकीनं विचारलं, “आपल्याले कोनी कवा आंग धुवून देल्लं?” आणि सगळ्या जणी बोटं मोजायला लागल्या. लहानपणी आईनं किंवा आजीनं. हळदीच्या दिवशी, पाच सवाष्णींनी. बाळंतपणात सुईणीनं, तेल चोळून, कढत पाणी ओतून, वर शेगडीचा शेक. आणि मग? मग थेट शेवटचं, जे आपल्याला कळणारही नाही. दिवाळीत आई पोरांना तेल लावते, पाडव्याला बायको नवऱ्याला लावते, ओवाळते. तिच्या पाठीपर्यंत हात कोणाचा पोचतो? सगळ्यांचं होईतो तिचं पाणी निवलेलं असतं.

हे कोणी रडून सांगत नव्हतं. हसत हसतच चाललं होतं. पण मोजताना बाळंतपणानंतरची बोटं मिटेनात, तेव्हा जराशी शांतता झाली.

त्या वर्षी गटानं दोन गोष्टी ठरवल्या. एक धंद्याची. बाथ बॉम्ब हिवाळ्यातच करायचे, तेही मागणी असेल तेवढेच. ज्यांच्या हातांना चिरा आहेत त्यांनी मिश्रणाला हात लावायचा नाही. त्यांनी साली निवडायच्या, पुड्या बांधायच्या, वाटा सारखाच. आणि ज्यांच्याकडे टब नाही, म्हणजे आपल्यासारख्या बहुतेकांसाठी, वेगळी पुरचुंडी करायची. जुन्या सुती धोतराच्या धुतलेल्या फडक्यात मूठभर वाळलेली संत्र्याची साल, वाळ्याच्या चार काड्या, चमचाभर खडेमीठ. पाणी उतरवताना ती कढत बादलीत सोडायची, पाच मिनिटं झाकण ठेवायचं, मग विसण घालायचं. अ‍ॅसिड नाही, फसफस नाही. सालीतलं तेल गरम पाण्यावर तरंगतं आणि वाफेबरोबर न्हाणीभर वास होतो. नाजूक कातडीला ते तेलही चुरचुरतं, तेव्हा आधी मनगटावर पाणी घेऊन पाहावं. फडकं पिळून वाळवलं की आणखी एकदा चालतं. मोझरीला ही पुरचुंडी दहा रुपयांना ठेवली. घेणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या, आणि “हे कोनासाठी?” असं विचारलं की बऱ्याच जणी सासऱ्याचं, नवऱ्याचं, पोराचं नाव घेत. एखादीच म्हणे, “मह्यासाठीच व्हय.” तिला आम्ही एक जास्त देत होतो.

दुसरी गोष्ट धंद्याची नव्हती. वसुबारसेच्या संध्याकाळी मावशीच्या अंगणात बंब पेटला. भाकरी त्या दिवशी दुपारीच थापून ठेवलेल्या होत्या. दोघी-दोघींनी एकमेकींच्या पाठीला तेल लावलं, उटणं चोळलं. एक जण विसण घालून पाणी ओतायला. न्हाणीच्या दाराबाहेर एक जण राखणीला, हाक आली तर उत्तर द्यायला. माझी पाठ ज्या हातांनी चोळली त्यांच्या पेरांवरच्या चिरा मला जाणवत होत्या, खरखरीत, उटण्याहून जास्त. मावशीची पाळी शेवटी आली. बाहेर आली तेव्हा तिच्या बोटांवर खोबरेल चोपडलेलं होतं आणि ती बराच वेळ ओट्यावर काही न करता बसली. तिला काही न करता बसलेलं त्याआधी आमच्यापैकी कोणीच पाहिलेलं नव्हतं.

नंतर हिशेबाच्या वहीत खर्च टाकायला बसले. तिळाचं तेल दोन लिटर, उटणं अर्धा किलो, जळण. ‘कशासाठी’ हा रकाना रिकामा होता. उद्या कोणी वही तपासली तर विचारेल, म्हणून ‘नमुना चाचणी’ लिहावं, असं एकीनं सुचवलं. मावशी ओट्यावरूनच म्हणाली, “खोटं काहाले लिवतं वं? लिही, आंग धुवाले.”

तेच लिहिलं आहे.