सूचना दिली होती; पोहोचली का?

१/ गेल्या वर्षी प्रबंधासाठी केलेले अकरा दिवसांचे मोडी लिप्यंतर एका सोमवारी नाहीसे झाले. ते ज्या सामायिक युनिक्स संगणकावर होते, त्याच्या चालकांचे उत्तर नम्र होते : "तात्पुरत्या जागेतील फायली रविवारी पुसल्या जातील, ही सूचना लॉगिन करताच दिसत होती." ते खरेच होते. सूचना साठ ओळींची. त्यातली ही पाचवी. मला पडद्यावर दिसत असे ते केवळ शेवटचे नियम. वर सरकून पाहिले नाही, हा दोष माझाच. पण या प्रथेचा इतिहास शोधावासा वाटला.

२/ ही प्रथा युनिक्सहून जुनी आहे. एमआयटीत १९६१ साली फर्नांडो कॉर्बातो यांनी सीटीएसएस या प्रणालीचे प्रात्यक्षिक दाखवले. अनेकांनी एकच संगणक एकाच वेळी वापरायचा, तर सर्वांना उद्देशून काही सांगण्याची सोय हवी. लॉगिन करताच 'मेसेज ऑफ द डे' टंकयंत्रासारख्या टर्मिनलच्या कागदावर उमटे.

३/ एके दिवशी मात्र या सूचनेऐवजी सर्वांचे पासवर्ड छापून येऊ लागले! दोघे चालक एकाच वेळी दोन फायली संपादित करत होते : एक सूचनेची, दुसरी पासवर्डची. संपादकाच्या तात्पुरत्या फाइलचे नाव ठरलेले असल्याने दोन्हींची अदलाबदल झाली. त्या दिवशीची 'सूचना' कोणी न वाचता सोडली नसावी.

४/ १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला. तेथे हीच सूचना 'एमओटीडी' नावाच्या साध्या फाइलीत राहू लागली. टेलिटाइप ३३ हे यंत्र सेकंदाला दहा अक्षरे छापी. ७२ अक्षरांच्या २४ भरगच्च ओळींना सुमारे तीन मिनिटे लागत. लांबण लावणाऱ्याला सर्वांचा रोष पत्करावा लागे. पण छापलेला कागद हाती उरे.

५/ पडद्याने हे गणित उलटवले. १९७८ च्या व्हीटी१०० टर्मिनलवर २४ ओळीच मावत. लांब सूचना झरझर वर सरकून जाई आणि उरे ते केवळ शेपूट. त्याच वर्षी बर्कलीत डॅनियल हॅल्बर्ट यांनी 'मोर' ही आज्ञा लिहिली : पडदाभर मजकूर दाखवून थांबायचे, वाचकाने कळ दाबली की पुढे जायचे. पुढे बर्कलीच्याच युनिक्समध्ये उलट सोयही आली. आपल्या निर्देशिकेत 'हशलॉगिन' नावाची, आरंभी टिंब असलेली रिकामी फाइल ठेवली, की सूचना मुळी दिसतच नाही.

६/ दफ्तरात ताकीदपत्र सापडले, म्हणजे ताकीद निघाली एवढेच सिद्ध होते. ती पोहोचली, हे नव्हे. वर्गात शिकलेला हा धडा मला त्या पाचव्या ओळीने पुन्हा शिकवला.

७/ लिप्यंतर मी पुन्हा केले. चालकांना एकच विनंती केली : पडद्यावर शेवटची ओळ टिकते, म्हणून तारीख तेथे लिहा. आता ती तेथे असते. तरीही लॉगिन केल्यावर मी आधी वर सरकून पाहते.