अडीच मीटरची होडी



माझा गुडघा कुठल्या चकमकीत गेला नाही. सरावात बेली ब्रिजचं पॅनेल उचलताना पाय चिखलात फिरला आणि आत 'कट' असा आवाज आला. सॅपर लोकांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो: एक पॅनेल साधारण 260 किलोचं असतं आणि सहा जण मिळून उचलतात. त्या दिवशी पाच जणांचे पाय नीट पडले. मेनिस्कस फाटलं, दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, कॅटेगरी खाली आली आणि पाठोपाठ चेन्नईची पोस्टिंग आली. युनिटचं नाव लिहीत नाही, जुनी मंडळी समजून घेतील. क्वार्टर सेंट थॉमस माउंटच्या बाजूला. पहाटे अकॅडमीचे कॅडेट पळत जाताना ऐकू येतात आणि मी बाल्कनीत चहाचा कप घेऊन उभा. वर्षभरात नऊ किलो वाढलो.

फेब्रुवारीत पुन्हा मेडिकल बोर्ड. पुढच्या रँकचा सगळा हिशोब त्या कागदावर. डॉक्टर साहेब म्हणाले, "पळणं बंद. पोहा, सायकल चालवा, नाहीतर रोइंग मशीन वापरा. पण वजन उतरवा."

रोइंग म्हटल्यावर मी गप्प झालो. त्याचं कारण आजवर घरातही कुणाला सांगितलेलं नव्हतं.

2011 साली खडकीच्या बीईजी सेंटरला रंगरूट होतो. एक दिवस उंच पोरांना रांगेतून बाहेर काढलं. सहा फूट एक इंच, म्हणून मीही निघालो. सीएमईमध्ये आर्मीचा रोइंग नोड आहे, तिथे पाठवायला पोरं निवडायची होती. मशीनवर बसवलं, 2000 मीटर मारायला सांगितले. गावाकडे विहिरीवर पोहलेला मी, वाटलं हात चालवायचेत, त्यात काय. पहिले 500 मीटर सगळ्यांच्या पुढे. 1400 वर हँडल हातातून सुटलं. उस्ताद ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी नुसतं पुढचं नाव पुकारलं.

त्याच बीईजीतून पुढे दत्तू भोकनळ निघाला. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही हे त्याचं दुष्काळी गाव. 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये तो तेरावा आला आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीत सुवर्णपदक जिंकला. लोक म्हणायचे, तुमच्या सेंटरचा पोरगा! मी छाती फुगवायचो. 1400 मीटरची गोष्ट पोटात.

तर मशीन. नवीन चांगलं घ्यायचं तर लाखाच्या वर जातं. माझ्याकडे गावाकडच्या घराच्या स्लॅबसाठी बाजूला काढलेले पैसे होते. बायको म्हणाली, "स्लॅब पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबेल. पण चार महिन्यांनी त्या मशीनवर टॉवेल वाळत घातलेले दिसले, तर माझ्याशी गाठ आहे."

पल्लावरमला एक स्वस्तातलं बघितलं. दोन तेलाचे पिस्टन असलेलं. दहा मिनिटांत पिस्टन गरम होऊन ओढ ढिली पडली. नमस्कार केला आणि निघालो.

दुसरं वेळचेरीला, कॉन्सेप्ट टू कंपनीचं, 38 हजारांत. 1981 साली अमेरिकेतल्या व्हर्माँटच्या दोन भावांनी सायकलचं चाक वापरून पहिलं मशीन केलं, त्याच घराण्यातलं. यात पंख्यासारखं जड चाक हवा कापतं. जितकं जोरात ओढाल तितकी हवा अडवते. बाजूला 1 ते 10 आकड्यांचा खटका असतो. नवा माणूस मर्दानगी दाखवायला तो 10 वर नेतो आणि कंबर धरून बसतो (मीही नेला होता, खडकीला).

तर ते वेळचेरीचं मशीन वरून लखलखीत. पण पोस्टिंगवर स्कूटर, फ्रिज, कूलर सगळं जुनंच घेतलेल्या माणसाला चकचकीत वस्तूचाच संशय येतो. साखळी पूर्ण बाहेर ओढली. पहिली दोन वीत चमकत होती, पुढे तांबूस गंज. चाकाच्या जाळीत मोबाइलचा टॉर्च मारला तर आत एका उंचीवर मातीची सरळ रेघ. डिसेंबर 2023 मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या वेळी वेळचेरीत पाणी भरलं होतं, तेव्हाचा शिक्का. मालकाला विचारलं, "वेळ्ळम?" म्हणजे पूर. तो म्हणाला, फक्त पाय भिजले होते. पाय इतके उंच कुणाचे असतात?

तिसरं बेझंटनगरला मिळालं. समुद्र जवळ, म्हणजे खाऱ्या हवेची भीती. मालक सत्तरीचे, सडपातळ, तरुणपणी अड्यार नदीत मद्रास बोट क्लबच्या होड्या वल्हवलेले. हा क्लब 1867 चा. पाठीचं ऑपरेशन झाल्यामुळे आता विकत होते. मशीनवर जुनी वेष्टी घडी करून पांघरलेली. साखळीला तेलाचा हात, रुळावर एक ओरखडा नाही. मॉनिटरच्या पोटात आजवरचे एकूण मीटर नोंदलेले असतात, ते त्यांनी स्वतःच उघडून दाखवले. एकतीस लाख. म्हणजे 3100 किलोमीटर, बसल्या जागी चेन्नईहून दिल्लीच्याही कितीतरी पुढे.

किंमत 52 हजार. माझी तमिळ शंभरेक शब्दांची. त्यातले ठेवणीतले काढले, "सार, कोंजम कम्मी पण्णुंगा." थोडं कमी करा. त्यांनी मान हलवली आणि इंग्रजीत म्हणाले, आधी बसून 500 मीटर मारून दाखवा.

बसलो. चार ओढी झाल्या नाहीत तोच त्यांनी थांबवलं. माझे हात आधी वाकत होते. म्हणाले, आधी पाय, मग पाठ, शेवटी हात. परत येताना उलटं: हात, पाठ, पाय. जोर पायांचा, हात नुसते दोर. चौदा वर्षांपूर्वी हे कुणी सांगितलं होतं का, आठवत नाही. सांगितलंही असेल, मीच ऐकलं नसेल. गुडघ्याचं सांगितल्यावर त्यांनी रुळावर लाल चिकटपट्टी लावून दिली. "याच्यापुढे सीट येऊ द्यायची नाही." या मशीनवर पळण्यासारखे आदळे बसत नाहीत हे खरं, पण पुढे पूर्ण आलं की गुडघा फार दुमडतो. फिजिओनेही नंतर तेच सांगितलं.

पैसे काही कमी केले नाहीत. फौजी आहे म्हटल्यावरही नाहीत. तेलाची अर्धी बाटली मात्र दिली, दर 50 तासांनी साखळीला लावा म्हणून. ती वेष्टीही देऊ केली. मी घेतली नाही, आणि आता वाटतं घ्यायला हवी होती.

मशीनचे दोन भाग सुटे होतात. आपल्याकडच्या छोटा हत्तीला इथे कुट्टी यानै म्हणतात, अर्थ तोच. त्यातून आणलं. जिन्यावरून चढवायला शेजारचा तमिळ नायक आणि खालचा बिहारी हवालदार आले. "किधर पानी है, साहब?" असं विचारून दोघंही हसले. जोडल्यावर लांबी अडीच मीटरला जरा कमी. हॉलमध्ये ठेवलं तेव्हा दिवाण आतल्या खोलीत गेला. खालच्या मजल्यावरून आवाजाची तक्रार आली, तेव्हा जुन्या गाद्या खाली घातल्या. आता फक्त चाकाचा श्वास ऐकू येतो.

पहिले सहा आठवडे 2000 मीटरला हात लावला नाही. वीस मिनिटं, हळू, लाल पट्टीच्या अलीकडे. पाच किलो उतरले.

मागच्या रविवारी बाहेर पाऊस होता. खटका 4 वर ठेवला आणि मॉनिटरवर 2000 लावले. हा मॉनिटर राहिलेले मीटर उलटे मोजतो. मुलगी सहावीत आहे, ती बाजूला उभी राहून आकडे मोठ्याने वाचायला लागली. 600 वाचलं तेव्हा माझे तळहात ओले झाले होते. खडकीला हँडल इथेच सुटलं होतं. ती वाचत राहिली. 590. 580. 570. तिला काय माहीत. मधे बायको स्वयंपाकघरातून डोकावली, "तोंड कसलं लाल झालंय, बस झालं आता." मी मान हलवायच्याही अवस्थेत नव्हतो. 100 वर मुलगी ओरडायला लागली आणि खालच्या हवालदाराने वर बघून काय झालं म्हणून विचारलं.

9 मिनिटं 41 सेकंद. रोइंगवाल्यांपुढे सांगण्यासारखा आकडा नाही. जमिनीवर आडवा पडलो आणि त्या दोघींना 2011 ची गोष्ट सांगितली. मुलगी म्हणाली, "मग तेव्हा का सोडलंत?" मी म्हटलं, हात ओढत होतो गं, पाय नाही.

बोर्ड 11 फेब्रुवारीला आहे. गुडघ्यावर बर्फ ठेवून हे लिहितोय, थोडी सूज आहे. साखळीला तेल उद्या.