शिंपल्यातले बांडगूळ



आंब्यावरचे बांडगूळ तुम्हाला नवे नाही. पाने हिरवीगार, म्हणजे उन्हात स्वतःचे अन्न स्वतः करते; तरी फांदीत मुळी घुसवून झाडाचे पाणी चोरतेच. समुद्रातही असा एक पाहुणा आहे, आणि तो चक्क शेवाळ आहे!

कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याला पंख्याच्या आकाराचे मोठे शिंपले मिळतात. त्यांच्या मांसात हिरवे डाग आढळले. १९७४ साली या शेवाळाला ‘कॉकोमिक्सा पॅरासिटिका’ असे नाव मिळाले. पुढे शिणाण्यांतही याच जातकुळीचे शेवाळ सापडले. एकेक पेशी नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही इतकी बारीक. पण असंख्य जमल्या की मांसच हिरवे. शिंपला जिथे उघडतो आणि उजेड आत शिरतो, त्या कडेला जोर जास्त. कवच घडवते ती आतली मऊ झालर; तीच पोखरली गेली की कवच वाकडे वाढते, काहींचे तर काटकोनात वळते.

अन्न स्वतः करते म्हणून त्याला निरुपद्रवी कसे म्हणावे? दोरीवर शिणाणे वाढवणाऱ्याने काय करायचे? फांदी छाटता येत नाही, समुद्रात औषध फवारता येत नाही.

तुमच्या हाती निदान कोयता आहे. बांडगूळ फळावर येण्याआधीच काढा, नाहीतर पाखरे त्याचे चिकट बी शेजारच्या झाडावर नेतील. आणि नुसती पाने ओरबाडू नका, पुन्हा फुटते. मुळी रुतली असेल त्याच्या खालून फांदी छाटा.